कच्चा लिंबू करू नका

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीजवळच्या एका वसाहतीत राहतात. तिथल्या मोकळ्या पटांगणावर रोज संध्याकाळी २५-३० मुलं खेळतात. ताई, त्यांची शेजारीण आणि एक निवृत्त गुरुजी त्यांना खेळवतात. या जूनपासून तीन नवी मुलं यायला लागली. एक ९ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) आहे, वॉकर घेऊन चालतो. एक ११ वर्षांची मुलगी, तिला अगदी थोडं दिसतं. आणि एक ७ वर्षांचा, ऑटिझम असलेला, पळतो भरपूर पण खेळात टिकत नाही. ताईंचं विचारणं असं: यांची वेगळी बॅच करावी का? कुणाला लागलं-बिगलं तर काय? आणि मंडळाने सामानासाठी २०,००० रुपये दिलेत, त्यात काय घ्यावं?

ताई, पैशांचं शेवटी बोलू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मी विशेष शाळेत २२ वर्षं क्रीडाशिक्षक होतो आणि अजूनही शनिवार-रविवार मैदानावर असतो. त्या अनुभवावरून आधी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो.

लहान भावंडाला खेळात घ्यायची आपल्याकडे जुनी सोय आहे: कच्चा लिंबू. तो पळतो, ओरडतो, पण धरला तरी आऊट नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या पोराला ते चालतं, कारण दोन वर्षांनी तो पक्का भिडू होणार असतो. दिव्यांग मूल मात्र मिसरूड फुटेपर्यंत कच्चा लिंबूच राहतं. "आम्ही सगळ्यांना सामावून घेतो" असं म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी मी हेच बघितलंय. थोडं मोठं झालं की त्याला बढती मिळते: गुण लिहायचे, नाहीतर शिट्टी वाजवायची. एकदा तर खो-खोत व्हीलचेअरवरच्या मुलाला खुंट म्हणून उभं केलेलं पाहिलं. मुलगा हसत होता, आई मोबाइलवर फोटो काढत होती, आणि मला काही बोलायचं सुचलं नाही.

माझ्या हातूनही हे झालंय. पायाला आधाराचे कॅलिपर लावणाऱ्या एका मुलाला शेजारच्या शाळेतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायला नेलं होतं. आदल्या दिवशी मी त्या पोरांना बाजूला घेऊन सांगितलं, "जरा सांभाळून घ्या." पोरं गुणी. त्यांनी हळू बॉल टाकले, हातात आलेला कॅच सोडला, दांडी उडाली तर नो-बॉल म्हणाले. सात-आठ बॉल झाल्यावर याने बॅट जमिनीवर ठेवली आणि कॅलिपर टकटक वाजवत सरळ माझ्याकडे आला. "सर, ही खोटं खेळतात." पुढचे पंधरा दिवस तो मैदानाकडे फिरकला नाही. चूक त्या पोरांची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून संध्याकाळ संपताना मी तीन गोष्टी मोजतो. हे मूल आज किती वेळा आऊट झालं? त्याच्यावर किती वेळा राज्य आलं? आणि त्याने किती जणांना आऊट केलं? तिन्ही शून्य असतील तर मूल मैदानावर होतं, खेळात नव्हतं. तुम्हीही पहिला महिनाभर हे वहीत लिहा. बाकी काही लिहू नका.

आता ते पक्कं भिडू होणार कसं? नियम बदलून. यावर गुरुजी लोक लगेच म्हणतात, नियम बदलला की तो खेळच राहत नाही. मग गल्लीत काय खेळतो आपण? एक टप्पा आऊट. भिंतीला थेट लागला तर आऊट. आजोबांच्या अंगणात गेला तर आऊट आणि बॉलही त्यानेच आणायचा. जागा, माणसं आणि शेजारी बघून पोरं रोज नियम घडवतात. आमच्या प्रशिक्षणात यालाच जागा, काम, सामान आणि माणसं अशा चार कप्प्यांत बसवून शिकवतात. कप्पे विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती मुलांना विचारून बदलायची. मोठ्यांनी लादलेला नियम दया वाटतो, पोरांनी भांडून ठरवलेला नियम असतो.

वॉकरवाल्या मुलापासून सुरू करू. पकडापकडीत तो दोन मिनिटांत धरला जाणार, मग कुणीतरी त्याला "जाऊ दे" म्हणणार, आणि झाला कच्चा लिंबू. आमच्याकडे याच्यावर तोड काढली ती चौथीतल्या एका मुलीने: ज्याच्यावर राज्य आहे त्याने वॉकरवाल्याच्या मागे लागायचं असेल तर लंगडी घालत जायचं. बाकीच्यांना पळत पकडा, याला लंगडीतच. पहिल्याच दिवशी दिसलं की वीस पावलांवर लंगडीवाला दमतो आणि वॉकरवाला वळणावर निसटतो. पण एखादा लंगडीत तयार पोरगा आला की वॉकरवाला सापडतो, खरोखर सापडतो, आणि चिडतो. ते चिडणंच हवं होतं. त्याच्यावर राज्य आलं की मैदान निम्मं करायचं आणि त्याला मोज्यांचा गोळा करून बांधलेला चेंडू द्यायचा. चेंडू लागला तरी आऊट. त्याचा नेम महिन्याभरात कसा बसतो ते बघाच.

त्याच्या शरीराचं थोडं. स्नायू थंडीत आणि उत्साहातही जास्त ताठतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अंग गरम करायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ द्या. कानाशी अचानक शिट्टी वाजली तर अशी मुलं दचकतात आणि सगळं अंग कडक होऊन तोल जातो. शिट्टी लांबून वाजवा, नाहीतर हात वर करा. पडला तर धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. तो रोज पडतो, उठायची त्याची स्वतःची पद्धत असते. जवळ जा, विचारा, थांबा. या थांबण्याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली.

त्याच्यासाठी एक खेळ जरूर शिका: बोशिया. नाव परकं आहे, पण ज्याने गोट्या खेळल्यात त्याला पाच मिनिटांत कळेल. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग एकाने सहा लाल आणि दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. बसून खेळतात. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. खरा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा असतो. घरी जाड कापडाच्या पिशवीत तेवढीच बाजरी भरून शिवला तरी खेळ होतो, फक्त उंदरांपासून सांभाळा. ज्याला हाताने टाकता येत नाही त्याच्यासाठी पीव्हीसीचा पाइप उभा चिरून पन्हळ करायची आणि चेंडू त्यातून सोडायचा. याच्या नियमात मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. पन्हळ धरणाऱ्या मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं असतं. वळून बघायला बंदी. पन्हळ डावीकडे, अजून थोडी, वर, असं खेळाडूनेच सांगायचं; मदतनिसाने फक्त हलवायची. डोकं खेळाडूचं, हात मदतनिसाचा. तुमच्याकडे पालक मदतीला आले तर त्यांनाही असंच पाठ करून बसवा, म्हणजे "अरे इकडे टाक, इकडे" आपोआप बंद होईल.

मुलीच्या बाबतीत पहिलं काम तिला विचारण्याचं. "किती दिसतं?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याचं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. पाच-सहा रंगांचे चेंडू मातीवर टाका आणि कुठले दिसतात ते विचारा. तांबड्या मातीवर पिवळा उठून दिसतो, पण काहींना पांढरा बरा वाटतो. संध्याकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येणार नाही अशी तिची जागा ठरवा. मैदानाच्या रेषांवर सुतळी खुंट्यांनी ताणून बसवा आणि वरून फक्की मारा, म्हणजे पायाला रेष कळते. गोलबॉल नावाचा अंधांचा खेळ १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाला, त्याच्याही रेषांखाली दोरी असते. चेंडू नायलॉनच्या जाळीत घालून जाळीला घुंगरं बांधा. एक अडचण लक्षात ठेवा: चेंडू थांबला की आवाजही थांबतो. म्हणून शेवटी ज्याच्याजवळ चेंडू थांबला त्याने तोंडाने आवाज द्यायचा.

लगोरी तिच्यासाठी सोन्यासारखी. नेम धरताना कुणीतरी लगोरीमागे काठीने टकटक करायचं आणि ती टाकण्याआधी बाजूला व्हायचं. खरी मजा रचताना येते. बघणारी पोरं घाईत मोठी चिप लहान चिपेवर ठेवतात आणि डाव कोसळतो. बोटांनी चिपांचा आकार ओळखणारी मुलगी शांतपणे सातच्या सात रचते. आमच्याकडच्या अशाच एका मुलीला भिडू निवडताना पहिली घ्यायचे, आणि त्यासाठी कधी कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

क्रिकेट तर अंधांचं वेगळंच आहे. कडक प्लास्टिकचा, आत छर्रे वाजणारा चेंडू. हात खाली ठेवून सरपटी गोलंदाजी, आणि खेळपट्टीच्या मध्याआधी एक टप्पा पडायलाच हवा. गोलंदाज "रेडी?" विचारतो, फलंदाज "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. पूर्ण अंध खेळाडूच्या धावा दुप्पट धरतात आणि त्याने एक टप्प्यावर झेल घेतला तरी फलंदाज बाद. म्हणजे आपलाच एक टप्पा आऊट, थेट विश्वचषकात.

डोळस मुलांना "तिचं दुःख कळावं" म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून चालवायचे कार्यक्रम हल्ली फार होतात. मला ते पटत नाहीत. पट्टी बांधल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फक्त भीती कळते, तिचं कसब कळत नाही. त्यापेक्षा सरळ आंधळी कोशिंबीर खेळा. सगळ्यांना पट्टी, तिलाही. ती जिंकते की नाही बघा.

सात वर्षांच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो नियम पाळत नाही. ताई, मला वाटतं त्याला थांबणं जमत नाहीये. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर वीस मिनिटं उभं राहायचं म्हणजे मोठ्यांनाही झोप येते. त्याला पाच-सहा जणांच्या छोट्या गटात ठेवा, जिथे मिनिटाभरात पाळी येते. आज काय-काय खेळणार याची चार चित्रं एका पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवा आणि एक खेळ संपला की ते चित्र त्यालाच काढायला सांगा. खेळ बंद करायच्या पाच मिनिटं आधी सांगा, एक मिनिट आधी पुन्हा सांगा. गोंधळ वाढला की बसायला झाडाखालची एक ठरलेली जागा असू द्या. तिथे जाणं ही शिक्षा नाही हे बाकीच्या पोरांनाही माहीत हवं. आणि पटांगणाला फाटक नसेल तर एक मोठा माणूस रस्त्याच्या बाजूला उभा हवा, मोबाइल खिशात ठेवून. अशी काही मुलं एकदा पळत सुटली की मागे वळून बघत नाहीत. या एका बाबतीत मी अजिबात ढिलाई करत नाही.

आता लागण्या-बिगण्याचं. खरचटणं सगळ्यांनाच होतं, त्याचं काही मानू नका. पण प्रत्येक पालकाला एकटं गाठून काही प्रश्न विचाराच: फिट येते का, शेवटची कधी आली, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, लघवीचं कसं, आणि डॉक्टरांनी काय करू नका म्हटलंय. फिटवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये असं मूल लवकर तापतं. फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका आणि कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

पुढे आणखी मुलं येतील म्हणून सांगतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तेव्हा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, पाण्यात डोक्याकडून सूर हे नको. पाठीच्या कण्याचा जन्मदोष म्हणजे स्पायना बिफिडा असेल तर रबरी फुग्यांचे खेळ टाळा, या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. ड्युशेन प्रकारचा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाला "अजून एक चक्कर, जमेल तुला" कधीच म्हणू नका, तिथे दमवल्याने स्नायूंचं नुकसान होतं. तुमच्या मुलीची दृष्टी मोठ्या मायनस नंबरमुळे कमी असेल तर उड्या आणि डोक्याला मार बसणारे खेळ सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, पडदा सुटण्याचा धोका असतो. ऐकू न येणाऱ्या मुलाशी बोलताना सूर्य तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर त्याला तुमचे ओठ दिसतच नाहीत. कबड्डीत त्याचा दम ऐकण्याचा हट्ट सोडा, चढाईला ३० सेकंद द्या आणि बोटांनी मोजून दाखवा.

वेगळी बॅच करावी का? रोजची नको. पण वेगळं खेळणं वाईट असंही मी म्हणत नाही, आणि इथे माझे काही सहकारी माझ्याशी भांडतात. अंध मुलीला आयुष्यात कधीतरी बाकीच्या दहा अंध मुलींबरोबर, घुंगराच्या चेंडूने, कुणाच्याही सवलतीशिवाय खेळायला मिळायला हवं. वॉकरवाल्याला वॉकरवाल्याशी शर्यत हवी. महिन्यातून एखाद्या रविवारी तेवढ्यासाठी जवळच्या विशेष शाळेत घेऊन जा. मल्लखांबाची जागा जवळ असेल तर तीही बघा. त्यात सगळं काम पकडीचं आणि अंगाच्या अंदाजाचं, डोळ्यांवाचून फारसं अडत नाही. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलांनाही मल्लखांब शिकवलाय. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये 'युनिफाइड' म्हणजे मिश्र संघ असतात: बास्केटबॉलला मैदानावर पाचपैकी तीन बौद्धिक दिव्यांग आणि दोन इतर. तिथेही सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे ते दोघंच सगळे बॉल मारतात. तुमच्याकडे असा समजूतदार, सगळं स्वतःच करणारा भिडू असेलच. त्याला प्रेमाने आवरा.

दुसरी तक्रार येणार ती बाकीच्या पालकांची: "आमच्या मुलांचा खेळ बिघडतो." हे लोक दुष्ट नसतात. ज्याला तालुका पातळीवर खो-खो खेळायचंय त्याला पूर्ण वेगाने पळायला मिळालंच पाहिजे. आम्ही तासाचे दोन भाग करतो: पहिला अर्धा तास सगळ्यांचा, नंतर ज्याला जे हवं ते. भांडण बऱ्यापैकी मिटतं. पूर्ण मिटत नाही.

आणि गणपतीतल्या स्पर्धांमध्ये या तिघांना उत्तेजनार्थ बक्षीस, फ्लेक्सवर फोटो, खाली "दिव्यांग बालकाचा सत्कार" असलं काही होऊ देऊ नका. मंडळातले उत्साही कार्यकर्ते हे सुचवणारच. हरलं तर हरू द्या. तसंच नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला जो तो मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देणार. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणणारे. आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. अभिमान आहेच. पण त्या बाईचा मुलगा पदकासाठी आलेला नाही, डबा ऐसपैस खेळायला आलाय.

शाळेने खेळाच्या तासाला यांना वर्गात बसवून ठेवलं तर मात्र पालकांनी गप्प बसू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये खेळाची समान संधी शाळांवर बंधनकारक आहे आणि कलम ३० खेळांसाठीच आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना एकदा पटांगणावर चहाला बोलवा. भांडणापेक्षा चहाने कामं लवकर होतात.

आता २०,००० रुपये. सामानाला तीन हजार पुरेत: रंगीत चेंडू, घुंगरं, जाळी, सुतळी, फक्की, बाजरी, पाइप. वाजणारे क्रिकेटचे एक-दोन चेंडू मागवा. उरलेले पैसे संडासावर घाला. हसू नका. मैदानावर न येण्याची कारणं आया जी सांगतात ती वेगळी, आणि बऱ्याचदा खरं कारण हे असतं की तास-दीड तासात मुलाला लागली तर न्यायचं कुठे. पटांगणाशेजारी मंडळाची खोली असेल तर तिथल्या संडासाला कमोड, भिंतीला एक घट्ट दांडा आणि वॉकर आत जाईल एवढा दरवाजा करून घ्या. पायरीला सिमेंटचा उतार द्या, पण तो लांब आणि सौम्य. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गवंडी चार फुटांत उरकतो आणि मग त्याची घसरगुंडी होते.

पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास ठेवा. लगोरी आणि लंगडीची पकडापकडी, बस. मुलीच्या आईला मुद्दाम दूरच्या बाकावर बसवा. आणि पावसाळा आहे म्हणून सांगतो: वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजलीत का ते खेळ सुरू व्हायच्या आधी उलटं करून बघा. ओल्या मातीत झिजलेलं बूच हमखास घसरतं. चार बुचं पिशवीत जादा ठेवा, सर्जिकलच्या दुकानात मिळतात.